कुलूपकाकांची फाइल

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. कंपनी लिफ्ट चालवणारा प्रोग्राम बनवायची. त्याच्या सगळ्या फायली, कोणी कधी काय बदललं या नोंदींसकट, एका जुन्या व्यवस्थेत ठेवलेल्या. तिथली रीत अशी, की एकाने फायलीला कुलूप लावलं की दुसऱ्याला तिला हात लावता येत नसे. बाकीचे काम संपलं की कुलूप काढून घरी जात. काकांचं एका फायलीवरचं कुलूप मात्र अकरा वर्षं निघालं नव्हतं.

ती फाइल दाराची. दार उघडल्यावर किती वेळ थांबायचं, ते तिच्यात. अकरा वर्षांपूर्वी काकांनी तो आकडा कमी केला आणि चाचणीत एका मिस्त्रीची चार बोटं चिरडली. खापर यंत्रावर फुटलं. काकांनी गुपचूप आकडा वाढवला, कुलूप लावलं आणि कारणाची जागा कोरी सोडली. वरच्या त्या देवाला काय लिहून कळवायचं! त्याला ठाऊकच होतं.

आता नवी व्यवस्था आणायची टूम निघाली. त्यात प्रत्येकाकडे सगळ्या फायलींची प्रत. ज्याने त्याने बदलावं, मागाहून जुळवून घ्यावं.

"काका, तुम्ही सगळ्यांत जुने. बोला, जायचं का नव्यात?" मोठ्या बाईंनी बैठकीत विचारलं.

"कुलपं असतील तिथं?"

"कशाला? तुमची ती दाराची फाइल सुटेल की बिचारी! जन्मठेप भोगतेय." सगळे खदखदून हसले. बाई मात्र थांबल्या. "काही कारण असेल तर आत्ताच सांगा हं. आपण थांबू."

काकांच्या डोळ्यांपुढे मिस्त्रीचा हात आला.

"छे हो. सवय, दुसरं काय!"

तीन आठवड्यांत फायली नव्या घरी गेल्या. कुलपं मागेच राहिली.

काकांच्या इमारतीतही कंपनीचीच लिफ्ट, जुन्या धाटणीची. मध्ये काही अडकलं तर ते तिच्या दाराला कळत नसे. आई काठी टेकत आत शिरेपर्यंत काका रोज मनात पाच आकडे मोजत. त्यानंतर एका दुपारी असंच दार उघडलं. आईने आधी काठी पुढे टाकली. एक, दोन...

काड्कन काठीचे दोन तुकडे झाले.

"अगं बाई! आज भारी घाईत आहे रे तुझी लिफ्ट," आई हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाली. "काठीवर निभावलं. देव पावला."

काकांनी ऑफिसात फोन लावला. "बाई, त्या कुलपाला कारण होतं. आकडा कोणी बदलला?"

"कोणीतरी नीटनेटकं करताना कमी केला असेल. कारण लिहिलेलंच नव्हतं ना! का हो?"

"नवा प्रोग्राम कुठं कुठं गेलाय?"

"सगळीकडे. सकाळीच. साडेचारशे इमारती."

बंद दारावरचा आकडा बदलू लागला. वरून कोणीतरी लिफ्ट बोलावली होती.