चाकाची घरघर

आमच्या धायरीच्या सोसायटीतले एक संगणकवाले गृहस्थ गाडीच्या प्रत्येक बिघाडावर एकच उपाय करतात, टेपचा आवाज वाढवतात. पुढचं चाक घरघरायला लागलं, तेव्हा मी जॅक लावून ते हलवून दाखवलं. चांगलंच डगडगत होतं.

"बेअरिंग गेलंय. आजच बदला."

"अहो, टायर नवीन आहेत. आवाज करणारच."

"नवीन टायर डगडगतात का?"

"तुम्ही फार टेन्शन घेता."

दुसऱ्या दिवसापासून साहेब कंपनीच्या बसने जायला लागले आणि ती गाडी वहिनी चालवू लागल्या, मुलीला शाळेत सोडायला. मी वहिनींना सगळं सांगून किल्ली मागून घेतली आणि गॅरेजमध्ये बेअरिंग बदलून आणलं. त्या घरी काही बोलल्या नसाव्यात. रविवारी गृहस्थ गाडी फिरवून आले आणि मला म्हणाले, "बघा, टायर रुळले. गेला ना आवाज?"