झाकणावरचा हात

त्याची चापट आधी यायची, शब्द मागून. "हात काढ," असं तो म्हणेपर्यंत तुमचा हात रेडिएटरच्या झाकणावरून उडालेला असायचा आणि बोटं झिणझिणत असायची.

पाचगणीच्या वरच्या अंगाला पठारावर आमचा एटीव्हीचा ट्रॅक आहे. चार जाड टायरांच्या, मोटारसायकलसारख्या हँडलच्या या गाड्या आम्ही पर्यटकांना फिरवायला देतो. तिकिटं मी फाडायचो, गाड्या तो दुरुस्त करायचा. माण तालुक्यातला गडी, फौजेत गाड्यांवरच नोकरी झालेली. आम्ही त्याला मेस्त्री म्हणायचो. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कामाला वाघ, पण शेजारी बसायची कुणाची छाती नाही.

तो कामावर आला त्याच दिवशी दहिवडीहून त्याच्या बायकोचा मला फोन आला. "भावजी, मारामारीपायी समद्या ठिकाणावनं ह्येंला हाकललंय. तितनं बी हाकललं तर ह्या घरात पाय ठिवू देणार न्हाई, सांगून ठिवा."

मी सांगितलं. "खरं हाय तिचं," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात त्यानं गाड्या धुणाऱ्या गड्याचा ओठ फोडला.

त्याचं असं झालं, ट्रॅकची तांबडी माती रेडिएटरच्या बारीक पात्यांत घट्ट बसते, वारा आत जात नाही आणि इंजिन तापतं. ती माती मऊ ब्रशनं, हलक्या पाण्यानं काढायची. त्या गड्यानं मशिनचा फवारा पूर्ण जोरात सोडून सगळी पाती चेपवली. मेस्त्रीनं फवारा हिसकावून त्याच्याच तोंडावर धरला. गडी पडला, उठला, परत पडला. "कसं वाटतंय? तिला बी आसंच वाटलं आसंल." 'ती' म्हणजे गाडी.

सांगलीचा एक हळदीचा व्यापारी ब्रेक दाबून धरूनच ट्रॅकभर फिरला, तेव्हा मेस्त्रीनं त्याला कॉलर धरून खाली ओढलं. "दावं न सोडताच म्हस पळीवतायसा व्हय?" मी हात जोडले, चहा पाजला, तिकिटाचे पैसे परत केले. मग मेस्त्रीला चार शब्द सुनावायला गेलो आणि कानाखाली एक खाऊन परत आलो. माझंही डोकं काही थंड नाही. मी त्याच्या अंगावर धावून गेलो आणि आपटलो. तासाभरानं तो समोर येऊन बसला आणि निम्मी भाकरी माझ्यापुढं सरकवली. त्याची माफी मागायची रीत हीच. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

खंडेनवमीला मात्र हा माणूस ओळखू यायचा नाही. अंघोळ करून, डोक्यावर टोपी चढवून प्रत्येक गाडीला स्वतः हळदकुंकू लावायचा आणि हँडलवरून झेंडूचा जाड हार सोडायचा. "दसऱ्याचं सोनं वाटंपतोर हार काढायचा न्हाई." ट्रॅकचे मालक म्हणाले, गाड्या पळणार आहेत, हार काढून ठेवू. मेस्त्रीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. हार राहिले.

दसऱ्याला दुपारी मालक स्वतःच एक गाडी घेऊन निघाले. वळणावर गाडीतून वाफ निघायला लागली. मालक उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन झाकणावर वाकले.

मेस्त्री त्यांच्याकडं पळाला. पळता पळताच हातातला पाना त्यानं मालकांच्या हातावर घातला. मनगट मोडल्याचा आवाज मला लांबून आला. मालक बाजूला कोसळले, पण झाकण अर्धं फिरलं होतं. ते उडालं आणि उकळतं पाणी मेस्त्रीच्या मानेवर, छातीवर आलं. सदरा काढला तशी कातडी सोलून आली. तो कण्हला नाही. मालकांना शिव्या देत राहिला. मालकही देत होते. मग मेस्त्रीच्या मानेकडं त्यांची नजर गेली. "माझं तोंड गेलं असतं रे," ते म्हणाले.

इथंच सगळं मिटलं असतं. पण तसल्या अवस्थेतही तो गाडीत वाकला. "पंखा का फिरंना झालाय?" त्यानं आत हात घातला आणि दोरा ओढून काढला. हाराचं टोक रेडिएटरमागच्या पंख्यात गुंतून त्याचा आस आवळला होता, पाकळ्यांचा लगदा झाला होता. फेकून दे, अशी मी डोळ्यांनी खूण केली. त्यानं तो दोरा मालकांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो माझा हार. तुमी काढा म्हणला हुतासा. हाना मला."

"वेडा का तू? चल, आधी दवाखान्यात."

"डाव्या हातानं हाना." त्यानं पाना पुढं केला.

मालकांनी पाना घेऊन गवतात टाकला आणि त्याची वाकडी झालेली टोपी सरळ केली. मेस्त्रीचं तोंड मी तेव्हा बघितलं. मार खाणं आणि मार देणं, एवढाच व्यवहार त्याला ठाऊक होता. मला त्याची कीव आली आणि मालकांचा रागही आला. एक मारायची होती त्यांनी.

दोघांना एकाच जीपमधून नेलं. मलमपट्टी झाल्यावर मालक म्हणाले, "जखम भरली की ये कामावर." त्यानं मान डोलावली. तो आला नाही. फोनही बंद.

दिवाळीच्या तोंडावर त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावजी, खरं सांगा. कुणाला मारलं ह्येंनी? हाकललं न्हवं?"

"न्हाई वैनी. मालक रोज वाट बघत्यात त्येची. घरी आला न्हाई?"

"न्हाई."

मी दसऱ्याचं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "भेटलं तर सांगा, माफी पचत नसंल तर हाकललंय आसं समजूनच या म्हणावं. दोन शिव्या दीन, पर दार उघडीन."