रशियन बँड आणि मी लेकीला घातलेली शपथ

मैत्रिणींनो, दुपारपासून मला माझीच लाज वाटतेय, म्हणून लिहिते.

आज लालबागला आमच्या घरी भजनाच्या बायका जमल्या होत्या. आतल्या खोलीत माझी लेक सायली गाण्याची तालीम करत होती. सरकारला भर मैफलीत शिव्या घालणारा कुठलासा रशियन बँड आहे. त्यांचं बघून हिच्या ग्रुपने आमची चाळ पाडायला निघालेल्या बिल्डरवर गाणं रचलंय. शनिवारी पटांगणात म्हणणार होते. त्यातही शिव्या!

बायकांचे टाळ थांबले. मी सायलीला देवापुढे उभं केलं. "माझी शपथ आहे तुला, हे गाणं पुन्हा म्हणायचं नाही."

"आई, तिकडे त्यांची गाणी सरकार बंद करतं. इथे तूच केलंस," एवढं बोलून ती आत गेली.

तेवढ्यात खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "गो सूनबाय, संपात आमी बायकांनी मिलच्या गेटार शिमग्याची बोंब मारली, ती काय आरती होती?"

बायका खळखळून हसल्या. मला मात्र मान वर करवेना. सासूबाईंच्या त्या बोंबेची गोष्ट मी आजवर सगळ्यांना कौतुकाने सांगत आलेय.

सायली अजून जेवली नाही. शपथ घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं. स्वयंपाकघरात हळूच म्हणून टाकणं सोपं आहे. पण शपथ चारचौघींसमोर घातली, मग 'सुटली'ही त्यांच्यासमोरच म्हणायला नको का?