चोथ्याच्या टाकीत कुणी गात नाही

किश्या गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली, ती थेट पेपरच्या कात्रणाचा फोटो होऊन. 'गाण्याच्या नादात वाइनरीतील तरुणाचा टाकीत गुदमरून मृत्यू.' मी पंचवटीत भाजी घेत होतो. हातात मेथीची जुडी. आधी रडू यायला हवं होतं, पण माझं डोकंच सणकलं. गाण्याच्या नादात म्हणे. लिहिणाऱ्याला ना किश्या ठाऊक, ना टाकी, ना गाणं. त्याला सांगणाऱ्याला मात्र तिन्ही ठाऊक होती आणि माझा राग त्याच्यावर आहे. कित्येक आठवडे झाले, राग उतरलेला नाही... उतरावा असं वाटतही नाही.

किश्या, म्हणजे किशोर, आमच्या 'टिकली टोळी' बँडचा गायक. मी ड्रम वाजवतो. चंदेरी कोट, डोळ्यांत काजळ, गालांवर चमकी, असला अवतार करून आम्ही सायकेडेलिक रॉक वाजवायचो, तेही मराठीत, तेही नाशकात. देवळालीतल्या एका हॉटेलात पहिल्यांदा वाजवायला गेलो, तर मालक आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाला, "ऑर्केस्ट्रा आहे का तमाशा?" किश्या थंडपणे म्हणाला, "दोन्ही आहे, शेठ. आधी जेवायचं बघा." पाठीशी कुठली कंपनी नाही. गाणी आमची, कोट शिवणारी किश्याची बहीण, आणि रेकॉर्डिंग किश्याच्या वाइनरीत.

लोक विचारायचे, गायकाचा आवाज असा गोल फिरून मागून कसा येतो, मशीन कोणतं वापरता? मशीन कसलं, डोंबल. किश्या तिथं टाक्या धुण्याच्या कामाला होता. पावसाळ्यात टाक्या रिकाम्या असतात, धुऊन कोरड्या केलेल्या. स्टीलची उंचच उंच टाकी, खाली माणूस वाकून आत जाईल एवढं दार. वरून माइक सोडायचा आणि किश्या दारात बसून आत तोंड घालून गायचा. गाण्याआधी तो टाकीत एक साद घालून बघे. एकदा एका टाकीच्या तळाशी द्राक्षांचा चोथा राहिला होता. किश्यानं साद घातली, आवाज तिथंच बसला. "ही मेली, दुसरी बघू," म्हणाला आणि आम्हाला हाताला धरून मागं ओढलं. आंबलेल्या चोथ्याचा वायू खाली साचतो, दिसत नाही आणि माणसाला उठू देत नाही, हे त्यानंच आम्हाला शिकवलं. त्यानंतर कोरड्या टाकीतसुद्धा आमच्यात कुणी एकट्यानं डोकं घातलं नाही. मागं दुसरा उभा पाहिजे म्हणजे पाहिजे. तेव्हा वाइनरीचा मॅनेजर पाहुण्यांना घेऊन यायचा आणि "आमच्या टाकीत गाणी होतात बरं का," असं छाती फुगवून सांगायचा.

त्याच मॅनेजरनं ऐन हंगामात किश्याला चोथा उपसायला आत पाठवलं. हातात फावडं. दारापाशी कुणी नाही, आतली हवा कुणी तपासलेली नाही. आणि वर तोंड करून पेपरवाल्याला सांगितलं की, पोरगा गायला गेला होता. तेवढ्यानं भागलं नाही. दिंडोरीकडच्या गावी जाऊन किश्याच्या आईलाही तेच सांगून आला. "मावशी, आम्ही लाख समजावलं हो त्याला..." लाज कशी वाटत नाही या माणसांना?

गेल्या आठवड्यात मी मावशींकडे गेलो. त्यांनी पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या गाण्यानं खाल्लं माझं पोरगं. घरात गायला कुणी नाय म्हणलं व्हतं का रं त्याला?"

तिथं मी काय बोललो असतो तरी फुकट होतं. मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. एक पत्र्याचं रिकामं पिंप होतं, ते आडवं केलं.

"मावशी, यात हाक मारा."

"कुणाला?"

"कुणालाही."

त्या वाकल्या. "किशोर." पिंप भरून आवाज परत आला. त्यांचा हात काठावरच राहिला. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा... मला थांबवायचा धीर होईना. शेवटी मी गोठ्यातलं ओलं गवत आणून आत कोंबलं. "आता मारा."

आवाज गवतातच अडकला.

"त्या दिवशी टाकीत चोथा होता, मावशी. त्यात असाच आवाज बसतो. असल्या टाकीत आमच्यातला कुणी गायला जात नाही. किश्या तर कधीच नाही."

त्यांनी गवत स्वतःच्या हातानं उपसून बाहेर टाकलं, सगळं. मग म्हणाल्या, "म्हणजे धाडला त्याला."

"हो."

"एकट्याला."

"हो."

त्यांनी पदराला हात पुसले. "त्या सायबाला घेऊन ये इथं. ह्यात तोंड घालून सांग म्हणावं, माझा किशोर गायला गेलता."

साहेब अजून आलेला नाही. माझा फोनही उचलत नाही. पिंप अंगणात तसंच आडवं पडलंय. शेजारणीनं पाणी साठवायला मागितलं, तर मावशींनी दिलं नाही.