नंबर सात, पोशाची उघाडी

पनवेल तालुक्यात खोटं बोलणं ज्यांना शरीरानेच जमत नाही असे एकच गृहस्थ उरले आहेत, असं माझं मत आहे, आणि ते माझे सीनियर आहेत. नेमणुकीच्या कागदावर आम्ही दोघंही पर्यावरण तंत्रज्ञ. म्हणजे आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळेच्या गाडीत बसून खाडी, ओढे, नाले आणि कारखान्यांची मागची दारं गाठायची, ठरलेल्या जागी बाटल्या भरायच्या आणि त्या बर्फाच्या पेटीत घालून संध्याकाळच्या आत परत आणायच्या. माझ्याकडे त्यासाठी डिप्लोमा आहे. काकांकडे आठवीपर्यंतची शाळा आणि चिखलात घालवलेलं जवळजवळ सगळं आयुष्य आहे. इंजिनियर लोकांना खाडीतली वाट दाखवायला म्हणून ते पहिल्यांदा गाडीत बसले, मग बाटल्या उचलू लागले, मग भरू लागले, आणि आता इंजिनियर त्यांना विचारून सही करतात. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं. ते म्हणाले, “सर ऑफिसात बसतात. मी काका. घड्याळ दाखव.” माझं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने बरोबर केलं आणि मगच गाडी हलली.

साहेबांचा फोन आला की फील्डवरचा कुठलाही माणूस “पाच मिनिटांत पोचतो” म्हणतो. काका म्हणतात, “अजून निघालोच नाय, चहा पितो हाय.” साहेब पलीकडून ओरडतात, काका फोन कानापासून जरा लांब धरून ऐकतात आणि चहा संपवतात. तो चहाही त्यांचा वेगळाच. नमुना भरण्याआधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. काकांनी तो कामापुरता ठेवला नाही. ते टपरीवर ग्लासात घोटभर चहा घेतात, गोल फिरवतात, रस्त्यावर फेकतात, पुन्हा घेतात. टपरीवाला एकदा वैतागून म्हणाला, “काका, निम्मा चहा तुम्ही आणि निम्मा कळंबोलीचा रस्ता पितो, बिल दोघांत वाटू का?” काकांनी गंभीरपणे सांगितलं की आधीच्या गिऱ्हाइकाचा चहा आपल्या चहात मिसळला तर तो आपला चहा राहत नाही. त्यांच्या डब्यावर पांढरी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख, वेळ आणि ‘सुका बोंबील’ असं लिहिलेलं असतं. शाई ओलाव्याने पसरते, म्हणून पेन्सिल. काकी एका सकाळी डब्यात अचानक वांगं घालून मोकळ्या झाल्या, तेव्हा काका ती पट्टी बदलल्याशिवाय जेवले नाहीत.

पुतण्याच्या हळदीला त्यांनी आवाज मोजायचं यंत्र नेलं होतं. इकडच्या हळदीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. काका भिंतीएवढ्या स्पीकरसमोर यंत्र धरून उभे राहिले आणि डीजेला हातवारे करून आकडा सांगितला, अठ्ठ्याण्णव. डीजेला वाटलं काकांनी मार्क दिले. त्याने माइकवरून सगळ्या मांडवाला सांगितलं, “नवऱ्याच्या काकांकडून आपल्याला शंभरातले अठ्ठ्याण्णव!” आणि उरलेले दोन मिळवण्यासाठी आवाज आणखी वाढवला. ही गोष्ट काका स्वतः सांगतात, न हसता, आणि शेवटी पुस्ती जोडतात, “नंतर एकशे तीन झाला.”

त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर मात्र कोणीही पोचू शकत नाही. “जांभळीपाशी डावीकडे घे, मंग खळं लागंल, खळ्याच्या मागून बांधावर चढ,” असं ते सांगतात. जांभूळ कधीच तुटलेलं असतं, खळ्यावर लोखंडाचं गोदाम असतं आणि बांधावरून न्हावा शेवाचे कंटेनर जात असतात. आमचे ड्रायव्हर सलीमभाई सुरुवातीला फार चिडायचे. “काका, झाड किधर है?” “व्हतं,” काका सांगायचे. आता सलीमभाई स्वतःच मला सांगतात, की जांभळीनंतर दोन मिनिटांनी पेट्रोल पंप येतो.

मी गाडीत फार बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. काकांना ते आवडलं. “बोलत नाय ते बरं हाय,” ते म्हणाले, “पान्याजवळ बडबड केली का मानूस वेळ लिवायला इसरतो.” त्यामुळे एक साधा प्रश्न विचारायला मला वर्ष लागलं. आमच्या यादीत नमुन्याच्या बारा जागा होत्या. बाकीच्यांची नावं पूल, बंदर, कारखान्याची भिंत अशी. सातव्या जागेपुढे दर महिन्याच्या अहवालात इंग्रजी अक्षरांत छापलेलं असायचं, ‘पोशाची उघाडी’. खाडीचा एक अरुंद फाटा तिथे यायचा. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, ज्यातून भरतीचं पाणी मिठागरात घेतात, एवढं मला कळलं होतं. पोशा काय ते कळलं नव्हतं. मला वाटायचं एखाद्या गवताचं नाव असेल.

फाट्यावर वर्षभर भराव पडत होता. एका महिन्यात आम्ही गेलो तर पाणी नव्हतं, लाल मुरूम होता आणि त्यावर डंपरच्या चाकांच्या खुणा. दहा-बारा पावलांवर मात्र नवा सिमेंटचा नाला वाहत होता, वरच्या इमारतींचं पाणी घेऊन. काकांनी वहीत लिहिलं, ‘पाणी नाही’. पुढच्या महिन्यात तेच. ऑफिसात साहेब समजुतीने म्हणाले, “काका, नाल्यातून घ्या ना. दहा पावलांचा तर प्रश्न आहे. तीनदा कोरडं आलं की ती जागा यादीतून काढावी लागते, नियम आहे.” काकांनी वही मिटून पिशवीत टाकली. संध्याकाळी गाडीतून घरी जाताना मी विचारलं, “काका, पोशा म्हणजे काय?”

“माझा बाप,” काका म्हणाले.

मिठागर त्यांच्या वडिलांचं होतं. ते गेलं, सातबाऱ्यावरून नाव गेलं, गावातल्या नव्या मुलांना तिथे मीठ पिकायचं हेही माहीत नाही. पण पहिल्यांदा यादी करताना इंजिनियरने जागेचं नाव विचारलं, काकांनी सगळे म्हणायचे तेच सांगितलं आणि ते टाइप झालं. तेव्हापासून दर महिन्याला, सरकारी कार्यालयात जाणाऱ्या अहवालात, त्यांच्या वडिलांचं नाव छापून येत होतं. “दुसरीकडं कुठं नाय आता,” काका म्हणाले.

“मग नाल्यातून घेऊया ना,” मी म्हटलं. हे वाक्य मी मनात जुळवलं नव्हतं.

“तो पानी गटाराचा, बाय. उद्या कोनी अहवाल उघडला तर वाचंल, पोशाच्या उघाडीला साबनाचा फेस येत व्हता. बापाच्या नावावर गटार लिवू?”

तिसऱ्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा काका गाडीपाशी पाणी तपासायचं यंत्र जुळवत होते. मी बाटली घेऊन पुढे गेले. नाल्याच्या काठावर वाकले, बाटली तीनदा विसळली, भरली, झाकण लावलं आणि चिकटपट्टीवर पेन्सिलीने सात लिहिलं. आकडा नीट आला. काका आले. त्यांनी बाटली उजेडात धरली.

“कुठून घेतलीस?”

मी बोट दाखवलं. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते रागावले नाहीत. बाटली त्यांनी बराच वेळ हातात ठेवली, तळव्याने पुसली आणि बर्फाच्या पेटीत ठेवून झाकण लावलं. वहीत काहीच लिहिलं नाही. गाडी निघाली. आठवी जागा झाली, नववी झाली, काका बाटल्या भरत होते आणि वेळ सांगत होते, आणि प्रत्येक वेळी पेटी उघडली की सातची बाटली दिसत होती. मला वाटलं, झालं, टिकलं नाव. मला खूप बरं वाटत होतं, आणि काकांकडे बघवत नव्हतं.

दहाव्या जागेच्या अलीकडे काका म्हणाले, “सलीम, गाडी फिरव.”

“अब? काका, कळंबोलीत ट्रेलरची लाइन लागली असेल. दीड घंटा जाईल.”

“जाऊ दे. फिरव.”

दीड तास गेलाच. काका बाटली घेऊन उतरले, नाल्याच्या काठाशी गेले आणि पाणी हळूहळू, काठाला लावून, आवाज न करता नाल्यात ओतलं. मग मुरमावर जिथे दार होतं तिथे जाऊन उभे राहिले. “वेळ?” त्यांनी विचारलं. मी सांगितली. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पोशाची उघाडी. पाणी नाही.’ परत येऊन ते मला एवढंच म्हणाले, “तू चांगल्यासाठी केलंस. मी पन ठेवली पेटीत. दोघांचा गुन्हा हाय.” त्या दिवशी उशीर झाल्यामुळे उरलेल्या तीन जागा दुसऱ्या दिवशी कराव्या लागल्या. साहेबांनी कारण विचारलं, आणि काकांनी ते सगळं जसं घडलं तसं सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, “बसा काका.”

नवी यादी आली ती अकरा जागांची. मधला आकडा रिकामा ठेवायची पद्धत नाही, म्हणून आठवी जागा सातवी झाली. ती एका पुलाखाली आहे, तिथे पाणी भरपूर असतं. त्या महिन्यात भरावाजवळ आल्यावर सलीमभाईंनी सवयीने गाडी हळू केली. काका मांडीवरच्या यादीकडे बघत म्हणाले, “नाय रे. चल.” पुलाखाली उतरल्यावर मी पट्टीवर सात लिहून बाटली त्यांच्या हातात दिली. काकांनी आकडा वाचला. पाणी त्यांच्या पायांशी आलं होतं, भरती चढत होती. बाटली मला परत देत ते म्हणाले, “हा तू घे, बाय.”

मी चपला काढून उतरले. तीनदा विसळली, तोंड प्रवाहाकडे धरून बुडवली. काठावरून काकांनी वेळ सांगितली, आणि मी ती लिहिली.