बाकावर बसवलेली मुलगी

ताई सोमवारी सकाळी दहा वाजता अकोल्यात वारली. मी तेव्हा अमरावतीत माझ्या टेबलाशी बसून प्रश्नावल्या तपासत होते. फोन तिच्या शेजारणीने केला.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अकोल्याच्या एका समुपदेशन केंद्रात बसून तिने आयुष्यभर नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांचं ऐकून घेतलं. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, म्हणजे लोकांचं ऐकून घेण्याऐवजी त्यांना प्रश्नावली देते. घरात आईला मार बसतो तेव्हा त्या घरातल्या मुलांसाठी पोलीस ठाणं, दवाखाना, शाळा आणि अशी केंद्रं नेमकं काय करतात, हा माझा अभ्यासाचा विषय होता. प्रश्नावली मी सर्वांत आधी ताईला दाखवली.

"वाचून राहिली मी," ती चष्मा कपाळावर ढकलत म्हणाली. "'बालकाच्या भावनिक गरजांना आपली संस्था कितपत प्रतिसाद देते?' आमच्या इथं बालक नाही येत वो बाई. पोट्टे येतात."

वर्षभर दोन्ही शहरांतली कार्यालयं फिरून मला सापडलेला ठळक निष्कर्ष असा : सगळीकडे मुलाला बिस्किटाचा पुडा देतात आणि बाहेर बसवतात. ठाण्यात क्रीमचं बिस्कीट मिळतं, दवाखान्यात साधं. याचा तक्ता मी खरोखरच केला होता. माझ्या मार्गदर्शकांनी तो काढायला लावला.

ताईच्या केंद्रातही वेगळं काही नव्हतं. मोठ्यांचं बोलणं मुलांच्या कानावर पडू नये म्हणून दाराबाहेर एक बाक ठेवला होता. दाराला पडदा. आत लोखंडी कूलर, आणि तो मार्चपासूनच पिठाच्या गिरणीसारखा चालायचा. त्याच्यावरून ऐकू जावं म्हणून आत सगळेच ओरडून बोलत. बायका आयुष्यात कुणाला न सांगितलेलं खच्चून सांगत, आणि ताई तितक्याच जोरात म्हणे, "हे इथून बाहेर जाणार नाही, बाई." बाहेर बाकावर शब्द न् शब्द यायचा. मूल खोलीत नसावं हा नियम मात्र कुणी कधी मोडला नाही.

हे मला कळलं ते एप्रिलमध्ये, स्वतः त्या बाकावर बसल्यावर. शेजारी पाचवीची परीक्षा दिलेली एक मुलगी बिस्कीट खात होती. आत तिची आई सांगत होती की मंगळवारी त्याने पट्ट्याने मारलं.

"बुधवारी," मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली. "मंगळवारी पप्पा गावाले गेलते."

मी पेन खाली ठेवलं. आत पुढची गोष्ट निघाली होती. आई मुलीला घेऊन अमरावतीला माहेरी आली होती, केंद्राच्या तारखेपुरती अकोल्याला यायची. तिथली शाळा टीसी मागत होती. अकोल्याची शाळा म्हणत होती, वडिलांची सही आणा. आणि वडील म्हणत होते, आधी घरी या, मग करतो सही.

"पोरीची शाळा बुडण्यापरिस जाईन मी वापस," आई आतून ओरडली.

मुलीने उरलेलं बिस्कीट पुड्यात घातलं, पडदा बाजूला केला आणि आत गेली. "मले नाही पायजे शाळा," ती म्हणाली. "आपण तिकडं नाही जायचं."

ताईने पहिल्यांदा कूलर बंद केला.

"केव्हापासून ऐकून राहिली तू?"

"पयल्या दिवसापासून."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाही."

ताई माझ्याकडे वळली. "लिहून घे. तुया बालकाचा भावनिक प्रतिसाद."

मग तिने मुलीला खुर्ची दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, या वेळी तिला. त्या उन्हाळ्यात ताईच्या खोलीत मुलांशी आधी बोलणं व्हायचं, कूलर बंद ठेवून. तिच्या सहकारी बाई वहीने वारा घेत म्हणायच्या, "ताई, पोरं वाचतील, आपण नाही वाचत."

मुलीला ताईने एक शब्द दिला. शाळा उघडेल त्या दिवशी मी अमरावतीला येते, हेडमास्तरसमोर तुझ्या बाजूला बसते. टीसी नाही म्हणून सहावीला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातलं कलम मीच ताईला शोधून दिलं होतं. कलम शोधणं मला जमतं.

शाळा उघडायला आठ दिवस होते, आणि ताई गेली.

भेटायला येणारे सतरंजीवर बसून तिला देवी करत होते. एका मावशींनी निदान केलं की दुसऱ्यांच्या भांडणांचा ताप घेतला, म्हणून हृदय गेलं. डॉक्टरांनी समोशांबद्दल दोनदा बजावलं होतं, ते मी बोलले नाही. ताई असती तर बोलली असती.

तेवढ्यात ती मुलगी आईबरोबर आली. फोटोला नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "मंग शाळेत कोण येईन?"

"असं बोलावं काय इथं?" आईने तिचा हात ओढला.

ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्या आयुष्यात आपण हात घालायचा नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. "बघू," मी म्हणाले.

"बघू म्हणजे नाही ना?"

मावश्या माझ्याकडे बघू लागल्या. "येते मी," मी म्हणाले.

शाळा उघडली त्या दिवशी मी गेले. हेडमास्तर सज्जन होते. सज्जनपणे ते म्हणाले, "टीसीशिवाय कॉम्प्युटर नावच घेत नाही, मॅडम."

मी कलम वाचून दाखवलं.

"जरा मोठ्यानं. पंखा आहे."

मी पुन्हा वाचलं. माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे.

"तुम्ही मुलीच्या कोण?"

"मी या विषयावर संशोधन करते."

"मग तिच्या प्रवेशाशी तुमचा काय संबंध?"

मुलीने मला कोपर मारलं. "सांगा ना," ती म्हणाली. तिची आई दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आज नाही म्हटलं गेलं तर ती संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परत जाणार, हे तिने मला येतानाच सांगितलं होतं.

कुणी नकार दिला की ताई भांडायची नाही, कागद पुढे करायची. मी माझ्या प्रश्नावलीची एक प्रत उलटी करून टेबलावर ठेवली. "प्रवेश देत नाही, एवढं लिहून सही करा, सर," मी म्हणाले. या वेळी त्यांना ऐकू गेलं.

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि मुलीला तिचं पूर्ण नाव विचारलं.

मुलगी आता सहावीत आहे. तिची आई माहेरीच आहे. टीसी अजून आलेला नाही. मी मध्ये पडले म्हणून अहवालातून तिची नोंद मला काढावी लागली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती माझ्याकडे गणित घेऊन येते. मला गणित येत नाही. ताईला यायचं.