साबणाची मुद्रा

"आधी ठसा उमटवा, मग बोला," असं म्हणत काका समोरच्याच्या हातात साबणाची वडी ठेवत. वडीवर बैल कोरलेला, त्याच्या डोक्यावर पाच-सहा चिन्हं, मागे दोरा ओवायला भोक पाडलेली गुंडी.

इथे परदेशात, पुंगोलला आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर, ते पुण्याहून मुलाकडे राहायला आले होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भेटेल त्याला पुण्याची हवा सांगणारी. आमचे काका चार हजार वर्षांपूर्वीचं सांगत. उभी हयात हडप्पाकाळातल्या गावांच्या उत्खननांवर मुद्रांची आणि खापरांची चित्रं काढण्यात गेलेली. "मुद्रेवर सगळं उलटं कोरतात, ठशात ते सुलटं होतं. मुद्रा बघून वाचायला जाल तर फसाल. त्यांचा तो मऊ दगड इथं कुठून आणू? धुण्याचा साबण बरा. सून ओरडते, पण कोरायला लोणी!"

आमच्याकडून गेलेला डबा त्यांच्याकडून कधी नुसता परत आला नाही. झाकणावरून दोरा, गाठीवर कणकेचा गोळा, गोळ्यावर ठसा. "व्यापारी माल असाच पाठवायचे. ठसा शाबूत, तर माल शाबूत." माझी मुलगी तो ठसा फोडायला टपलेली असे. एकदा तिने विचारलं, "आजोबा, व्हॉट डज इट से?"

"ते अजून कुणालाच वाचता आलेलं नाही, बाळ."

"देन यू राइट फॉर व्हॉट?"

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कधीतरी कुणी वाचेल म्हणून."

एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. काका मुलाला म्हणाले, "मी आता पुण्याला जाऊन राहतो. आपला फ्लॅट बंदच आहे."

"बाबा, तिथे तुमच्याकडे बघणार कोण?"

मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. आई गेल्याचं त्याला इथे फोनवर कळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसात त्याचा सीनियर. माझा शब्द तो मोडत नसे. मीही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "काका, तो म्हणतोय ते बरोबर आहे."

काकांनी रिकामा कप खापरासारखा उजेडात तिरका धरला, पाहिला आणि खाली ठेवला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर फराळाचा डबा परत आला तो ठशाविना. आत नुसती साबणाची वडी. स्वतः घेऊन आले होते. दारातच म्हणाले, "या वेळी कणीक तुम्ही मळा. ठसा तुम्हीच उमटवा हं."

मी हो हो म्हटलं. वडीवर बैल होता, चिन्हं नेहमीपेक्षा जरा जास्त होती. छान आहे म्हणून शोकेसमध्ये ठेवून दिली. ऑफिसचं काम होतं, मग ते राहूनच गेलं. महिन्याभरात काकांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून ते घरी आलेच नाहीत. इथल्या मंडाई स्मशानातल्या दाहिनीत त्यांना निरोप दिला तेव्हा मुलगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "निदान इथे आमच्याजवळ होते." मी म्हणालो, "हो ना."

परवा शोकेस पुसताना वडी हातात आली. बायको पोळ्या करत होती. मुलीने कणकेचा गोळा आणला, मी वडी दाबून उचलली. शिरोरेघा नव्हत्या, पण अक्षरं सरळसरळ मराठी होती.

घरी जायचंय. त्याला सांगा.

"व्हॉट डज इट से, बाबा?" मुलीला मराठी वाचता येत नाही. मी कसंबसं म्हटलं, "ती लिपी अजून कुणाला वाचता येत नाही गं." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

संध्याकाळी वडी खिशात घालून दोन मजले वर चढलो. दाराबाहेर काकांच्या चपला अजून होत्या, कुणीतरी पुसून ठेवलेल्या. बेल न वाजवता खाली आलो.